अनुतापी संत ऑगस्टीन

ईस्टरच्या आदल्या रात्री ख्रिस्ती देवालयांतील दिवे मालवले जातात. मग त्या अंधारात एक मोठी मेणबत्ती पेटवून तिच्या ज्योतीवरून उपासकांच्या हातांतील मेणबत्त्या एकामागून एक उजळल्या जातात. नव्याने धर्मात येणाऱ्यांना जलसंस्कार, म्हणजेच बाप्तिस्मा, देण्याचीही हीच रात्र होय आणि ही चाल फार प्राचीन आहे. इ. स. ३८७ च्या एप्रिलमध्ये, २४ तारखेच्या रात्री, इटलीतील मिलान नगरात बिशप अँब्रोज यांच्या हातून ज्यांना हा संस्कार झाला, त्यांत बत्तीस वर्षांचा एक आफ्रिकी अध्यापक होता. त्याच्यासोबत त्याचा जेमतेम पंधरा वर्षांचा मुलगा होता आणि अलिपियस नावाचा बालमित्र होता. मुलाची आई मात्र तेथे नव्हती. ती कोठे होती आणि का नव्हती, हे पुढे येईलच. या अध्यापकाचे नाव ऑरेलियस ऑगस्टीन. ख्रिस्ती जगत ज्यांना संत ऑगस्टीन म्हणून पूजते तेच हे.

अनुतापाने माणूस पालटतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला. अजामिळ अंतकाळच्या नामोच्चाराने तरला. आणि वारकरी संतांनी तर स्वतःचे दोष अभंगांतून उघड्यावर मांडले. परंतु ऑगस्टीनची कथा वाल्याच्या कथेहून एका बाबतीत निराळी आहे. त्याने कोणाचा खून केला नाही, कोणाला लुटले नाही. त्याचे अपराध सुशिक्षित, बुद्धिमान आणि महत्त्वाकांक्षी माणसाचे होते, जे समाजाला सहसा अपराध वाटतच नाहीत. म्हणून ती कथा वाचताना आपण दूर उभे राहू शकत नाही.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी रोमन साम्राज्याच्या आफ्रिका प्रांतात थागास्त या लहानशा गावी झाला. आजच्या अल्जीरिया देशातील सूक अहरास ते हेच. वडील पॅट्रिशियस हे बेताच्या मिळकतीचे जमीनदार, जुन्या रोमन देवतांना मानणारे, शीघ्रकोपी आणि पत्नीशी एकनिष्ठ नसलेले. आई मोनिका ही श्रद्धाळू ख्रिस्ती. तिच्या बालपणाची एक लहानशी हकीकत पुढे मुलाने लिहून ठेवली आहे. कोठारातून मद्य काढून आणायला तिला पाठवीत. ती जाता-येता एक घोट घेई आणि घोटाचा पेला केव्हा झाला हे तिचे तिलाही कळले नाही. एके दिवशी भांडणाच्या भरात दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले. तो शब्द इतका झोंबला, की त्या क्षणापासून तिने ती सवय सोडली. आईची चूक एका शब्दाने सुटली. मुलाच्या चुका सुटायला पुढे सोळा-सतरा वर्षे लागायची होती.

मुलगा हुशार. त्याने वक्तृत्व आणि साहित्य शिकून सरकारदरबारी मोठे व्हावे, ही बापाची हौस. पण पैसा अपुरा. त्यामुळे सोळाव्या वर्षी शिक्षण थांबवून त्याला घरी बसावे लागले. त्या रिकाम्या वर्षात सवंगड्यांबरोबर एका रात्री शेजारच्या झाडावरची नासपतीची फळे त्याने चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. एखाद-दुसरे चाखून बाकी सारी डुकरांपुढे टाकली. गोपाळांच्या लोणीचोरीचे कौतुक करणाऱ्या आपल्याला या चोरीबद्दल एवढा विषाद कशाला, असे वाटेल, आणि अनेक पाश्चात्त्य वाचकही या प्रकरणाला हसले आहेत. परंतु पुढे बिशप झाल्यावर ऑगस्टीन या क्षुल्लक चोरीकडे पुन्हा पुन्हा वळला. लोभाने केलेली चोरी समजू शकते. येथे लोभच नव्हता. निषिद्ध आहे एवढ्याचसाठी ते केले आणि एकटा असतो तर केलेही नसते, हे त्याच्या ध्यानी आले. माणसाला वाईटाची गोडी निव्वळ वाईट म्हणूनही लागू शकते, हा त्याचा शोध त्या झाडाखालचा आहे.

गावातील रोमानियानस नावाच्या धनिकाच्या साहाय्याने तो कार्थेजला गेला. समुद्रकाठची ती महानगरी म्हणजे नाट्यगृहे, विलास आणि उनाड विद्यार्थी यांचे आगर होते. तेथे एका स्त्रीशी त्याचा संबंध जडला. विवाह झाला नाही, पण तेरा-चौदा वर्षे दोघे एकत्र राहिली आणि त्या काळात आपण तिच्याशी एकनिष्ठ होतो असे त्याने नमूद केले आहे. ३७२ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अदेओदातुस. लॅटिन भाषेतील या नावाचा अर्थ ‘देवाने दिलेला’. आपण सरळ देवदत्तच म्हणू.

अठराव्या वर्षी सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याच्या मनात ज्ञानाची तहान जागी झाली. त्याने बायबल उघडून पाहिले, पण अलंकृत लॅटिनला सरावलेल्या त्या तरुणाला त्याची भाषा ओबडधोबड वाटली. तेव्हा तो मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात शिरला आणि जवळजवळ नऊ वर्षे त्यात राहिला. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे असून माणसात त्यांचे युद्ध चालू असते, अशी या पंथाची शिकवण होती. तत्त्वज्ञान म्हणून ते काहीही असो, ऑगस्टीनला त्याची एक सोय फार आवडली. पाप मी करीत नाही. माझ्यातील अंधाराचे तत्त्व ते करते, असे म्हणता येत असे. पापाला धनीच उरला नाही, की अनुताप करायचा कोणी? आपली ही पळवाट त्याने पुढे निर्दयपणे उघडी पाडली आहे. प्रारब्ध, परिस्थिती, संगत या शब्दांच्या आड आपणही किती सहज उभे राहतो!

मोनिकेने या मुलाला काही काळ घरात घेतले नाही. पुढे तिला एक स्वप्न पडले आणि मुलगा आपल्याच मार्गावर उभा असलेला तिला दिसला. तेव्हा तिने त्याला पुन्हा आपल्या पंगतीला बसू दिले. एका बिशपांकडे जाऊन तिने मुलाशी वाद करून त्याला वळवा म्हणून गळ घातली. तो अजून शिकवण्याच्या अवस्थेत नाही, असे त्या अनुभवी गृहस्थांनी सांगितले; आणि ती ऐकेनाच, तेव्हा इतक्या अश्रूंचा पुत्र नाश पावणार नाही असे आश्वासन देऊन तिची बोळवण केली. या त्रासलेल्या उद्गारालाच तिने देववाणी मानले.

आता ती गोष्ट, जी वाचताना कोणत्याही आईबापाचा जीव हलेल. ३८३ साली ऑगस्टीनने रोमला जाण्याचे ठरवले. कार्थेजचे विद्यार्थी दांडगट होते आणि रोमला पैसा व प्रतिष्ठा अधिक होती. मोनिका बंदरापर्यंत त्याच्या मागे आली. एक तर परत चल, नाही तर मलाही ने, असा तिचा हट्ट होता. एका मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा सुटेपर्यंत थांबतो, असे खोटेच सांगून त्याने तिला जवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थानी रात्र काढायला लावले. ती तेथे प्रार्थना करीत राहिली, वारा सुटला, शिडे फुगली. सकाळी ती किनाऱ्यावर आली तेव्हा जहाज गेले होते. ज्या रात्री आई मुलासाठी देवापाशी रडत होती त्याच रात्री मुलगा तिला फसवून निघून जात होता. आश्चर्य असे, की ज्या प्रवासापासून ती त्याला अडवीत होती, त्याच प्रवासाने तो तिच्या प्रार्थनेच्या फळापर्यंत पोहोचला. ऑगस्टीनने या घटनेत ईश्वराचा हात पाहिला. तथापि आपण खोटे बोललो, तेही अशा आईशी, हे झाकले नाही.

रोमचे विद्यार्थी दांडगट नव्हते. ते फी देण्याची वेळ आली, की गुरू बदलीत! परंतु लवकरच, ३८४ मध्ये, नगराधिकारी सिम्माकस याच्या शिफारशीने मिलानला वक्तृत्वाच्या राजकीय अध्यापकाची जागा त्याला मिळाली. सम्राटाचा दरबार तेव्हा तेथेच होता. थागास्तच्या मुलाने तिसाव्या वर्षी गाठलेले हे शिखर होते. या पदाचे एक काम म्हणजे सम्राटाची स्तुतिपर भाषणे करणे. असे एक भाषण जुळवीत, त्यातील खोटेपणाने मनातून कुढत, तो रस्त्याने चालला होता; वाटेत एक दारू प्यालेला भिकारी थट्टामस्करी करीत हसत असलेला दिसला. चार नाण्यांत त्याने मिळवलेला आनंद आपल्याला एवढ्या खटपटीनेही मिळालेला नाही, हे ऑगस्टीनला जाणवले. भिकाऱ्याची नशा सकाळी उतरणार होती. आपली कित्येक वर्षे उतरलेली नाही, हेही जाणवले.

अँब्रोज यांची प्रवचने तो प्रथम केवळ शैली ऐकण्यासाठी जाऊन ऐकू लागला. शब्दांबरोबर अर्थही आत शिरला. बायबलमधील ज्या कथा त्याला बाळबोध वाटल्या होत्या, त्यांचा आध्यात्मिक अर्थ अँब्रोज उलगडून दाखवीत. दरम्यान मोनिका समुद्र ओलांडून मिलानला येऊन पोहोचली होती.

आणि येथे त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुखरी घटना घडली. अशा पदावरच्या माणसाला कुलीन सासर हवे म्हणून मोनिकेने पुढाकार घेऊन एक मुलगी पाहिली. ती विवाहाच्या वयाहून दोन वर्षांनी लहान असल्यामुळे थांबणे भाग होते. या सोयरिकीत अडथळा नको म्हणून इतक्या वर्षांच्या सहचारिणीला आफ्रिकेत परत धाडण्यात आले. दुसऱ्या कोणाचीही होणार नाही असे व्रत घेऊन ती गेली. मुलाला तिने बापाजवळ ठेवले. तिच्या वियोगाने आपले हृदय रक्तबंबाळ झाले, असे ऑगस्टीन सांगतो. पण दोन वर्षे वाट पाहवेना म्हणून त्याने लगेच दुसरी स्त्री ठेवली, हेही तोच सांगतो. त्या पहिल्या स्त्रीचे नाव मात्र त्याच्या लिखाणात कोठेही नाही. तिच्या प्रतिष्ठेसाठी ते वगळले असेल असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. परंतु या कथेत ज्याला पातकी म्हणतात त्याच्यापेक्षा जिला टाकले गेले तिचे व्रत थोर होते, आणि मोनिकेसारखी साध्वीही लौकिकाच्या मोहातून येथे सुटली नाही, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

या सुमारास बुद्धीचे प्रश्न जवळजवळ सुटले होते. मानीचा पंथ त्याने सोडला होता. प्लेटोच्या परंपरेतील ग्रंथ वाचून ईश्वर हा जड पदार्थ नव्हे, हे त्याला पटले होते. राहिला होता तो संकल्प. सत्य काय ते कळत होते. पण वळत नव्हते. धर्म जाणूनही त्याकडे प्रवृत्ती होत नाही, ही दुर्योधनाच्या तोंडी घातलेली कबुली आपल्याकडे प्रसिद्ध आहे. दुर्योधन तेथेच थांबला. ऑगस्टीन तेथे थांबू शकत नव्हता आणि पुढेही जाऊ शकत नव्हता. संयमासाठी तो प्रार्थना करी, पण ती इतक्यात फळू नये अशी आतून इच्छा बाळगी. अंथरुणातून उठायचे आहे हे पटलेला माणूस आणखी थोडे झोपतो, तशी आपली अवस्था होती असे त्याने वर्णन केले आहे. सवय ही साखळी खरी, पण तिची एकेक कडी आपणच घडवली होती, हे आता त्याला नाकारता येईना.

३८६ चा ऑगस्ट महिना. दरबारातील पोंटिशियानस नावाचा देशबांधव घरी आला. टेबलावर संत पौलाची पत्रे पाहून त्याला हर्ष झाला आणि त्याने इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी अँटनीची हकीकत सांगितली. ती वाचून दोन राजसेवकांनी उभ्या उभ्या चाकरी सोडल्याचेही सांगितले. पाहुणा गेला. ऑगस्टीनला राहवेना. अडाणी लोक स्वर्ग जिंकून घेतात आणि आपण विद्वान चिखलात लोळतो, या विचाराने तो अलिपियससह घराच्या बागेत गेला. केस उपटले, कपाळ बडवले. शेवटी मित्रालाही सोडून एका अंजिराच्या झाडाखाली जाऊन ओक्साबोक्शी रडला. उद्या, उद्या, असे किती दिवस. आत्ताच का नाही, हाच एक प्रश्न होता. इतक्यात शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला, मुलगा की मुलगी ते कळले नाही. उचल आणि वाच, अशा अर्थाचे शब्द ते पोर ताला-सुरात पुन्हा पुन्हा म्हणत होते. मुलांच्या कोणत्या खेळात असे शब्द असतात, हे आठवून पाहिले, आठवेना. तो उठला, पौलाच्या पत्रांची पोथी उघडली आणि जेथे दृष्टी पडली तेथे वाचले. भोगविलास व कलह टाकून ख्रिस्ताचा आश्रय करण्याविषयीचा तो मजकूर होता. पुढचे वाचण्याची गरज राहिली नाही. दोघे मित्र आत जाऊन मोनिकेला सर्व सांगते झाले. जे ती मागत होती त्याहून अधिक तिला मिळाले होते, कारण ठरलेला विवाहही त्याने मोडला.

त्याने राजीनामा दिला. पण गाजावाजा नको म्हणून द्राक्षतोडणीच्या सुट्टीपर्यंतचे थोडे दिवस शिकवीत राहिला. छातीच्या विकाराचे निमित्तही होतेच. मग मित्रांबरोबर कास्सिसियाकम येथील शेतघरात वाचन-चिंतनात काही महिने काढले आणि पुढच्या ईस्टरच्या रात्री तो संस्कार झाला.

घरी परतण्यासाठी सर्व मंडळी रोमजवळच्या ओस्टिया बंदरी आली. तेथे एका खिडकीशी उभे राहून आई व मुलगा परलोकाविषयी बोलत असता दोघांनाही क्षणभर शब्दांपलीकडचा अनुभव आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोनिकेला ताप भरला आणि नवव्या दिवशी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिने देह ठेवला. पतीशेजारी मायदेशात पुरावे अशी तिची आयुष्यभराची इच्छा होती. शेवटी तीही तिने सोडली. देह कोठेही ठेवा, फक्त देवाच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच मागितले. बंदरावर आईला फसवून गेलेल्या मुलाने दुसऱ्या बंदरावर तिचे डोळे मिटले.

३८८ मध्ये तो थागास्तला परतला आणि मिळकतीचा त्याग करून मित्रांसह आश्रमवासी झाला. बुद्धिमान देवदत्त पुढे एक-दोन वर्षांतच, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर वारला. बापलेकांचा संवाद ‘गुरू’ या नावाच्या ग्रंथात राहिला आहे. ३९१ मध्ये हिप्पो या बंदराच्या गावी, आजच्या अन्नाबा येथे, ऑगस्टीन गेला असता लोकांनी त्याला पकडून बिशपांपुढे उभे केले आणि धर्मगुरूची दीक्षा घ्यायला लावली. तो रडू लागला. थेट बिशपपद न मिळाल्याने रडतो आहे असे समजून काहींनी त्याचे सांत्वनही केले! ३९५ च्या सुमारास ते पदही आले आणि मरेपर्यंत, चौतीस-पस्तीस वर्षे, त्याने ते सांभाळले.

बिशप होऊन थोडाच काळ झाला असता, ३९७ च्या सुमारास, त्याने ‘कन्फेशन्स’ हा तेरा भागांचा ग्रंथ लिहायला घेतला. वर सांगितलेला बहुतेक सर्व वृत्तान्त त्यातलाच आहे. सारा ग्रंथ ईश्वराला उद्देशून आहे. वाचक जणू बाजूला उभा राहून ऐकतो. धर्माधिकाऱ्याने आपली लक्तरे अशी वेशीवर टांगावीत हे धाडसच होते आणि त्याच्या विरोधकांनी त्याच्या पूर्वायुष्यावरून त्याला टोमणे मारायला कमी केले नाही. मला या ग्रंथाचा दहावा भाग विशेष मोलाचा वाटतो. तेथे गतकाळ संपतो आणि बिशप आपली आजची झडती घेतो. जेवणात गरज कोठे संपते आणि जिभेचे लाड कोठे सुरू होतात? भजन ऐकताना मन अर्थात रमते की सुरात? लोकांनी केलेली स्तुती अजून गोड का लागते? बागेतील त्या दिवसाने सर्व काही संपले, असा दावा तो कोठेही करत नाही.

त्याच्या हातून पुढे चुकाही झाल्या. डोनाटस पंथीयांशी चाललेल्या वादात, प्रथम सक्तीच्या विरुद्ध असलेला हा बिशप नंतर राजसत्तेच्या दंडशक्तीचे समर्थन करू लागला. त्या युक्तिवादाचा पुढच्या शतकांत दुरुपयोग झाला, हे विसरता येत नाही. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटल्यावर त्याने ‘ईश्वराचे नगर’ हा बावीस भागांचा प्रचंड ग्रंथ ४१३ ते ४२६ या काळात रचला. आयुष्याच्या शेवटी आपली सर्व पुस्तके क्रमाने पुन्हा वाचून त्यांतील चुका नोंदवणारेही एक पुस्तक त्याने लिहिले.

राहणी साधी होती. अनुपस्थित माणसाची निंदा करणाऱ्याला येथे जागा नाही, अशा आशयाच्या ओळी त्याने जेवणाच्या टेबलावर लिहवून घेतल्या होत्या. एकदा काही बिशप मित्रच निंदा करू लागले, तेव्हा एक तर या ओळी पुसा नाही तर मी उठून जातो, असे त्याने बजावले. कैद्यांच्या सुटकेसाठी त्याने देवालयातील पवित्र पात्रेही वितळवली. सहजीवनाचे जे नियम त्याने घालून दिले, त्यांवर चालणारा संघ १५७२ मध्ये गोव्यात आला. जुन्या गोव्यातील टेकडीवर त्यांचा भव्य मठ होता. १८३५ मध्ये संघ बंद पडला, १८४२ मध्ये छत कोसळले आणि आज तेथे सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा तेवढा उभा आहे. त्याची घंटा पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये आहे. मे २०२५ मध्ये पोपपदी निवडले गेलेले चौदावे लिओ हे याच संघातील पहिले पोप होत.

४३० च्या उन्हाळ्यात व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. तिसऱ्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांच्या ऑगस्टीनला ताप आला. कितीही निर्मळ जगलेल्याने अनुतापावाचून देह ठेवू नये, असे तो म्हणत असे. त्याने दाविदाची अनुतापाची स्तोत्रे लिहून घेऊन पलंगाजवळच्या भिंतीवर लावायला सांगितली. शेवटचे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारे यांखेरीज कोणीही आत येऊ नये अशी विनंती केली आणि पडल्या पडल्या ती स्तोत्रे वाचत तो रडत राहिला. २८ ऑगस्टला प्राण गेला. मृत्युपत्र केले नव्हते, कारण नावावर काही नव्हते. ग्रंथसंग्रह तेवढा जपून ठेवण्यास सांगितले होते. वेढा चौदा महिने चालला. पुढे नगर जळाले, पण ते ग्रंथ वाचले.

त्याच्या अस्थी नंतर सार्डिनिया बेटावर आणि तेथून आठव्या शतकात लोंबार्ड राजा लिउत्प्रांद याने इटलीतील पाविया नगरात नेल्या. तेथेच त्या आज आहेत. मोनिकेच्या अस्थी रोममध्ये आहेत. तिच्या ओस्टियातील थडग्यावरच्या संगमरवरी शिलालेखाचा एक तुकडा १९४५ मध्ये खेळाचा खांब रोवण्यासाठी खड्डा खणणाऱ्या दोन मुलांना सापडला.